छत्तीस पट्ट्या

पट्टी कटरवरून सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्याच्या शटरवर आदळून खाली पडली. ज्ञानूमामांनी टेबलाच्या बाजूचं बटण दाबून मशीन बंद केलं. कटर हळूहळू फिरायचा थांबला.

"गाठ लागली," मामा म्हणाले.

मी वाकून पट्टी उचलली. बोटभर लांब, काळी, पातळ. तिचा एक कोपरा उंदरानं कुरतडावा तसा गेला होता. मामांची सगळी हयात लाकडात गेलेली. लाकडात गाठ असते, ती कटरला अडली की काम हातातून उडतं, हे त्यांनी मलाच शिकवलं होतं. पण ही पट्टी फायबरच्या शीटमधून कापलेली होती. कारखान्यात दाबून तयार केलेल्या शीटमध्ये गाठ कुठून येणार?

"असेल," मी म्हणाले.

मामांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, अंगठ्यानं तिचा तुटका कोपरा चाचपला आणि खाली भंगाराच्या डब्यात टाकली. मग दुसरी उचलली.

हा सोळा वर्षांपूर्वीचा मंगळवार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, उन्हाळ्यात घरचे पंखे. तारेचे वेढे घालायला मी नववीत असताना शिकले. वडील गेल्यावर दुकान माझ्याकडं आलं, आणि त्याच सुमाराला लोकांनी जळलेले पंखे दुरुस्त करायचे सोडून नवे आणायला सुरुवात केली. दोन वर्षं मी माश्या मारल्या, असं म्हटलं तरी चालेल.

मग पुण्याचे केदार फणसळकर आले. ते हातानं गिटारी बनवायचे. विजेवरच्या गिटारीत तारांखाली एक छोटी वस्तू बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी, मध्ये उभी रोवलेली सहा लोहचुंबकं, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजार वेढे. तार छेडली की तिचा कंप हिच्यातून बाहेर जातो. फणसळकर हे पिकअप परदेशातून मागवायचे आणि दरवेळी वैतागायचे. मी त्यांना दोन करून दिले, ते त्यांना पसंत पडले. त्यांनी सहा गिटारींसाठी अठरा सांगितले आणि एक अट घातली. शनिवारी दुपारच्या गाडीनं ते पुण्याला निघाले पाहिजेत, कारण सोमवारी ते गिटारी घेऊन बंगळूरला प्रदर्शनाला जाणार होते. हे अठरा नीट आले तर पुढचे सगळे माझ्याकडून. नाही आले तर त्यांचा रस्ता वेगळा, माझा वेगळा. माणूस तोंडावर बोलणारा होता, म्हणून मला आवडलाही होता.

अठरा पिकअप म्हणजे छत्तीस पट्ट्या. वेढे घालणं माझं काम, पट्ट्या मामांचं.

ज्ञानूमामा सुतार एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. वडिलांचे ते जुने मित्र. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्या दुकानात यायला लागले आणि पिकअपचं निघाल्यावर तर जावयाच्या थाटात यायला लागले. माझ्यासाठी त्यांनी एक टेबल केलं. त्याच्या खाली राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा कोरायचं विजेवरचं हत्यार, उलटा बसवला. फक्त त्याचा कटर फळीतल्या भोकातून वर डोकवायचा, आणि मिनिटाला वीस हजार वेळा फिरायचा.

हे कटर प्रकरण सांगायला सोपं आहे. काम, म्हणजे कापायचा तुकडा, कटरच्या अलीकडे आपल्या बाजूला असेल, तर उजवीकडून डावीकडे सरकवायचं. मग कटर कामाला विरोध करतो आणि काम आपल्या ताब्यात राहतं. काम कटरच्या पलीकडे गेलं की दिशा उलटी. तिथंही तसंच डावीकडे ढकलत राहिलात तर कटर विरोध करत नाही, ओढून घेतो. मोठी फळी असेल तर नुसता हिसका बसतो. बोटाएवढी पट्टी असेल तर ती उडते, आणि ती जिथं होती तिथं बोटं जातात.

मामा पट्टी हातानं धरायचे. पट्टीच्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा, त्याला दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं पट्टी चिकटवलेली, आणि वरून दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांची पकड. बोटं आणि कटर यांच्यात पेराएवढं अंतर. मी एकदा म्हटलं होतं, याला मूठ बसवू या का, लांबून धरता येईल.

"दांडा लावला की काम मुकं हुतंय," मामा म्हणाले होते. "बोटाखाली असलं की बोलतंय. कुठं जड जातंय, कुठं सैल, समदं कळतंय. पॅटर्न शॉपातनं धाच्या धा बोटं घिऊन म्या एकटाच भाईर पडलोय, ते उगंच न्हाई."

ते खरंच होतं.

तर त्या मंगळवारी पट्टी उडाली, आणि ती का उडाली हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मामांनी पट्टी कटरच्या पलीकडे नेली होती आणि तशीच डावीकडे ढकलली होती. ती पलीकडे गेलीय हे त्यांना समजलंच नव्हतं.

दुपारी मामी जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी ताकाचा पेला मामांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी हात पुढं केला, पेल्याच्या चार बोटं अलीकडे हवेतच मूठ मिटली, मग हात थोडा पुढं सरकवून पेला धरला. मामांनी भाकरी मोडली आणि फाउंड्रीतल्या एका साहेबाची जुनी गोष्ट सांगायला लागले.

डबा धुवायला मामी बाहेरच्या नळावर आल्या, तेव्हा त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"दिवाळीपास्नं डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर येत्यात. तुला कळलंय न्हवं?"

"आज कळलं."

"मग तू बोल की बाई. त्या मशीनवर बसू नका म्हणावं. माझं काय ऐकायचं न्हाईत, तुझं ऐकतील."

"बोलते," मी म्हणाले.

मामी डबा पुसून निघून गेल्या. मी आत आले. मामा टेबलावरचा भुसा ब्रशनं झाडत होते, आणि नेहमीसारखे गुणगुणत होते. मी बोलले नाही.

मी स्वतःला जे सांगितलं ते असं: सकाळीच पट्टी उडालीय, लगेच बोललं तर त्यांना फार लागेल. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेला केसाएवढा फरक पकडला, त्याला तुमचा डोळा गेलाय, उठा, असं कसं म्हणायचं? उद्या सकाळी शांतपणे बोलू. संध्याकाळी फणसळकरांचा फोन आला.

"किती झालं, शैलजाताई?"

"पट्ट्या नऊ झाल्यात."

"नऊच? शनिवारी जमणार आहे ना? आत्ता सांगा. मी दुसरी सोय बघतो, राग नाही."

"जमेल," मी म्हणाले.

बुधवारी सकाळी मामा आले, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि टेबलाशी बसले. मी वेढ्यांचं मशीन सोडून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काय गं? तुझं काम न्हाई?"

"तार भरलीय. जरा थांबते इथं."

"थांब की," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

त्यांनी पहिली पट्टी ठोकळ्याला चिकटवली, बटण दाबलं. ठोकळा कटरच्या जवळ नेला आणि भिडवायच्या आधी थांबले.

"हं?" ते म्हणाले.

"हं," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी भिडवली. फायबरचा जळका वास आला, काळा भुसा उडाला, पट्टीला गोल कोपरे आले. मामांनी ती सोडवून माझ्यापुढच्या ताटात टाकली. दुसरी घेतली. पुन्हा कटरपाशी थांबले, पुन्हा "हं?" म्हणाले, मी "हं" म्हणाले. कामाला लय लागली की माणूस असं काहीतरी तोंडानं करतोच, ओझं उचलणारे नाही का करत. सुतारकाम करणाऱ्याचा "हं" असतो, एवढंच मी समजले. दुपारपर्यंत आठ झाल्या. दुपारनंतर आणखी सहा. त्या दिवशी एकही पट्टी उडाली नाही, एकीलाही ओरखडा नव्हता. मी ताटातल्या पट्ट्या बोटानं सारख्या करत होते आणि मला हायसं वाटत होतं.

चौदावी झाल्यावर मामांनी मशीन बंद केलं आणि डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. तो हात खिशात कशाला घातला, म्हणून मी बघत राहिले. पाणी पिताना त्यांना तो बाहेर काढावा लागला. अनामिकेचं नख पुढून सपाट झालं होतं. रक्त नव्हतं, जखम नव्हती. नख कानशीनं घासावं तसं सरळ रेषेत कापलं गेलं होतं, आणि त्याच्या मागं बोट सुरू होत होतं. मामांना ते कधी झालं हेही ठाऊक नसावं, असं मला वाटलं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

"तेरा राहिल्या, मामा."

"उद्या हुतील," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी ते यायच्या आधीच टेबलाचा प्लग काढून ठेवला. मामा आले, त्यांनी लोंबणारी वायर बघितली आणि काही न विचारता स्टुलावर बसले. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य म्हटलं.

"मामा, मला राउटर चालवायला शिकवा. तुम्ही कधी गावाला गेलात, आजारी पडलात, तर माझं काम अडायला नको."

माझा अंदाज होता की ते हसतील, टाळतील, निदान आधी ह्या तेरा हू देत म्हणतील. त्यांनी लगेच मान हलवली.

"शिकीवतो. पर हातानं धरून न्हाई. तुझी बोटं तारेची हायत, ह्या कामाची न्हाईत. तुला धरायला काय तर करूया."

त्यांनी माझा पंजा एका सागवानी फळीवर ठेवायला लावला आणि पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ मारली, दोन्ही पंजांच्या. मग दिवसभर त्यांनी हातानं काम केलं, करवत, पटाशी आणि कानस. जाड सागवानी ठोकळा, विटेएवढा. दोन टोकांना दोन मुठी, कटरपासून वीतभर लांब. ठोकळ्याच्या पोटात पट्टीसाठी खाच. पट्टीला चुंबकांची सहा भोकं असतात, त्यातल्या दोन टोकाच्या भोकांत बसतील असे दोन पोलादी खिळे त्यांनी खाचेत ठोकले, आणि मधून एक स्क्रू. पट्टी एकदा बसली की हलायचं नाव नाही. टेबलावर कटरच्या शेजारी त्यांनी एक पितळी खुंटी रोवली: काम आधी खुंटीला टेकवायचं, मग खुंटीच्या आधारानं हळूच कटरला लावायचं. पांढऱ्या रंगानं दोन बाण काढले, एक अलीकडे, एक पलीकडे, उलट दिशांचे. हे सगळं ते बोटांनी चाचपून करत होते आणि एकही माप चुकलं नाही. पटाशीला नजर कमी लागते, स्पर्श जास्त. हे मला त्या दिवशी कळलं.

मी मुठी धरून बघितल्या. माझ्या हातात चपखल बसल्या. मामांच्या रुंद पंजात त्या मावल्या नसत्या.

शुक्रवारी मी तेरा पट्ट्या केल्या. मामा माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले, आणि पहिल्या पट्टीपासून तेराव्यापर्यंत त्यांचा हात टेबलाच्या बटणावरून हलला नाही. चहा आला तो गार झाला. "खुंटीला टेकीव. आता लाव. दाबू नकोस, जाऊ दे त्येच्या चालीनं. थांब. आता बंद, फिरायचं थांबू दे, मग उचल." पाचवीला माझा हात जरा पलीकडे गेला, ठोकळ्याला धक्का बसला, आणि मला कळायच्या आत मशीन बंद झालं होतं.

"बघ," मामा म्हणाले, "काय झालं तुझ्या बोटाला?"

"काही नाही."

"मग चल फुडं."

तो ठोकळा अजून आमच्याकडे आहे. आता दुकानात सात बायका काम करतात, पट्ट्या त्याच्यासारख्याच ठोकळ्यांत धरल्या जातात, आणि नवीन बाई आली की तिच्या पंजाच्या मापानं वेगळा करून घेतो. बाहेरची माणसं बघायला येतात, ती कौतुक करतात. एका मासिकात छापूनही आलं, की बायकांच्या सुरक्षिततेचा किती विचार केलाय. मी त्यांना ज्ञानूमामांचं नाव सांगते. ठोकळा आधी का केला नाही, हे कुणी विचारत नाही.

शनिवारी दुपारी अठरा पिकअपचं खोकं घेऊन आम्ही स्टँडवर गेलो. रिक्षात मामांनी ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. पुण्याच्या गाडीत पार्सल चढलं, पावती मिळाली, फणसळकरांना फोन झाला. मग स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घ्यायला बसलो. मी फार खूष होते. मंगळवारचं बोलायचं राहिलं ते राहिलंच, आता बोलायची गरजही नव्हती. मशीन माझ्याकडं आलं होतं, मामांचा मान राहिला होता, हात शाबूत होते. मी मोठं शहाणपण केलं असं मला वाटत होतं.

मामांनी बशीत चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला.

"माझा डावा डोळा गेलाय," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"म्हाईत हाय ते म्हाईत हाय मला. मंगळवारी गाठ म्हणालो, तू असंल म्हणालीस. तवाच वळाकलं." त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "तुझी मामी म्हणाली, बोलणार हाय पोरगी. म्या वाट बघत हुतो. बोलली असतीस तर उठलो असतो. खरं सांगतो, उठलो असतो."

मी कपाचा कान फिरवून माझ्याकडं केला.

"मग बुधवारी तू येऊन शेजारी हुबी ऱ्हायलीस," मामा म्हणाले. "म्हटलं, बरं झालं. न बोलता पोरीनं मार्ग काढला. माझा मान बी ऱ्हायला आन तिचं काम बी. डाव्या अंगाला हुबी ऱ्हायलीस, जिकडचं मला दिसत न्हाई. म्हणून तर म्या बिनघोर चालीवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? परत्येक पट्टीला इचारत न्हवतो का तुला? अलीकडं हाय का पलीकडं, ते. तू हं म्हणायचीस, मग लावायचो. येकदा का दोनदा तू जरा उशिरा म्हणालीस, तवा तेवढा वेळ थांबलो." ते माझ्याकडं बघून हसले. उजव्या डोळ्यानं. "चौदा पट्ट्या तुझ्या नजरंवर केल्यात म्या. झ्याक झाल्या का न्हाई?"

पोऱ्यानं येऊन सांडलेला चहा पुसला. मामा उत्तराची वाट बघत होते.

मला खोटं बोलता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि मामा पुढं अकरा वर्षं जगले, त्यांना कधी कळलं नसतं. पण त्यांचा डावा हात टेबलावर माझ्यासमोरच होता.

"मी कटरकडं बघत नव्हते, मामा," मी म्हणाले.

"मग कुठं बघत हुतीस?"

"ताटात. किती झाल्या ते मोजत होते."

मामांनी बशी उचलली होती, ती तशीच धरून राहिले. बाहेर कुठल्या तरी गावाची गाडी लागल्याचं भोंग्यावरून सांगत होते. ते सांगून झालं, पुन्हा एकदा सांगून झालं.

"चौदाच्या चौदा?" त्यांनी विचारलं.

"चौदाच्या चौदा."